नाव न विचारणारा माणूस

व्हरमाँटमधल्या वेस्ट हॅलम गावात नॉर्मंड पेल्कीला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. नॉर्मंड मात्र त्याच्या शेडमध्ये येणाऱ्या निम्म्या माणसांना ओळखत नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता. दारात कुणी उभं राहिलं, हातात काही तुटलंमोडलं असलं, की तो म्हणायचा, "ये आत, दार लाव, थंडी येतेय." संपलं. तू कोण, कुठला, हे कशाला हवंय, असलं काही विचारणं त्याच्या लेखी उद्धटपणा होता. त्याचे वडील कॅनडातल्या क्युबेकमधून आलेले, सारा जन्म ग्रॅनाइटच्या खाणीत गेलेले. त्यांनी पोराला शिकवलं होतं की माणसाचं नाव विचारायचं काम पोलिसांचं. शेजाऱ्यापाजाऱ्याने आपलं काम करावं आणि गप्प बसावं.

नॉर्मंडने हे इतकं मनावर घेतलं की हसू यावं. किराणा दुकानाचं सवलतीचं कार्ड त्याने कधी घेतलं नाही, कारण त्यासाठी फोन नंबर द्यावा लागतो. जनगणनेवाली पोरगी दारात आली तर तिला बसवून केक खाऊ घातला, पण घरात माणसं किती ते सांगितलं नाही. तिने खुंटीवरचे कोट मोजले आणि लिहून घेतलं. बायको लॉरेन कपाळावर हात मारायची. "अरे, जनगणना आहे ती, दरोडा नाही!" तर हा म्हणायचा, "दरोडेखोर निदान एकदाच येतो."

खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्याने उभं आयुष्य लोखंड कापण्यात, घासण्यात घालवलं. तिथल्या आवाजाने डावा कान गेला, म्हणून बोलणं सगळं मोठ्याने. निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये त्याने आपली यंत्रं मांडली आणि दर शनिवारी दार उघडं ठेवलं. कुणाच्या बर्फ काढायच्या यंत्राचा दांडा, कुणाच्या मेपलचा पाक आटवायच्या कढईचा पाय, काहीही आणा. तो पैसे घेत नसे. जुना फोरमन आत्ता येऊन बघेल अशा भीतीने की काय, काम मात्र चोख करायचा. प्रत्येक तुकड्याच्या कडा शेवटी बारीक दगडाने घासून मऊ करायचा, कुणाच्या बोटाला लागू नयेत म्हणून. गावात कुणीही एखादा तुकडा उचलून बोट फिरवलं की म्हणायचं, हा पेल्कीचा.

आणि शनिवारी तिथे आल्डन असायचाच. आल्डन ह्यूएट शाळेची बस चालवायचा. पहिलीपासून दोघे एका बाकावर बसलेले. नॉर्मंड जितका तुसडा, तितका आल्डन बोलघेवडा. शेडमधली यंत्रं नॉर्मंडची आणि पाहुणचार आल्डनचा, अशी वाटणीच झाली होती. आलेल्याला कॉफी देणं, हवापाण्याच्या गप्पा मारणं, परत जाताना रस्ता समजावून सांगणं हे सगळं आल्डन करायचा. त्याची बायको लवकर गेली होती. एकच मुलगी, कोरिन. तिला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरून उभा राहिला होता तो नॉर्मंड. पोर रडायला लागली तेव्हा हाही रडला होता, पण ते लॉरेनशिवाय कुणाला माहीत नाही.

मग ती खोकी यायला लागली.

डाकेने घरपोच एक खोकं यायचं. त्यात पिस्तुलाचा प्लॅस्टिकचा सांगाडा, अर्धवट केलेला, आणि बाकीचे सुटे भाग. सांगाडा अर्धवट, म्हणून कायद्याच्या नजरेत ते पिस्तूल नव्हतंच. त्यामुळे त्यावर कारखान्याचा ओळख-नंबर नाही आणि घेणाऱ्याची चौकशीही नाही. घरी बसून थोडं काम केलं की पिस्तूल तयार. ज्यांना जमायचं नाही ते नॉर्मंडकडे यायचे. नॉर्मंडला पिस्तुलाचं फारसं कौतुक नव्हतं. त्याच्याकडे वडिलांची रायफल होती, नोव्हेंबरात हरणासाठी ती बाहेर निघायची आणि परत कपाटात जायची. पण माणूस आपल्या घरात, आपल्या हाताने काही बनवतोय, यात सरकारने नाक खुपसू नये, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने त्यांना मदत केली, आणि नेहमीसारखंच नाव विचारलं नाही.

"नॉर्म, यातलं एखादं उद्या कुणी वाकडं वापरलं तर?" आल्डनने एकदा विचारलं होतं.

"हातोडा पण वाकडा वापरता येतो. मग हातोड्यांवर नंबर टाकू? का तुझ्या थोबाडावर टाकू? तोंड तर तू रोजच वाकडं वापरतोस."

आल्डन खदखदून हसला होता आणि त्याने आलेल्या माणसाच्या कपात आणखी कॉफी ओतली होती.

कोरिन चौकातल्या दुकानात काम करायची. बाहेर पेट्रोलचा पंप आणि आत ब्रेड, दूध, मासे धरायचे गळ, सगळं एकाच छपराखाली. संध्याकाळी गल्ल्यावर ती एकटी असायची. नॉर्मंड कॉफी घ्यायला गेला की मुद्दाम पेन हातात घेऊन उभी राहायची.

"अंकल नॉर्म, कपावर नाव लिहायचंय. नाव सांगा."

"सांगणार नाही."

"मग कॉफी नाही."

"एक म्हातारा, असं लिही."

ती खरंच लिहायची. लॉरेनला त्याच्या गाडीत 'एक म्हातारा' लिहिलेले रिकामे कप सापडायचे.

जानेवारीत एका वादळी संध्याकाळी गावाची वीज गेली. दुकानातले कॅमेरे बंद पडले. बर्फ काढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर कॉफीसाठी थांबला तेव्हा दार उघडंच होतं, गल्ला रिकामा होता आणि कोरिन गल्ल्यामागे जमिनीवर पडलेली होती. तिला एकच गोळी लागली होती. बाहेर ताज्या बर्फाने गाडीच्या चाकांच्या खुणासुद्धा बुजवून टाकल्या होत्या. आल्डनला सांगायला पोलीस गेले तेव्हा त्याने आधी नॉर्मंडला बोलावून घेतलं. काय झालंय ते ऐकायचं तर नॉर्म शेजारी असताना ऐकेन, म्हणाला.

बर्फ वितळून सगळे रस्ते चिखलाचे झाले, तेव्हा ओढ्यावरच्या पुलाखाली ते पिस्तूल सापडलं. घरी बनवलेलं होतं आणि त्यावर नंबर नव्हता. राज्य पोलिसांचा एक तरुण अंमलदार फोटो घेऊन नॉर्मंडच्या दारात आला. शेडची गोष्ट सगळ्या जिल्ह्याला माहीत होती.

"मिस्टर पेल्की, हे तुमच्याकडचं आहे का?"

नॉर्मंडने फोटो खिडकीपाशी नेला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. लोखंड असतं तर त्याने डोळे मिटून सांगितलं असतं. कडा बघितल्या असत्या, दगडाची खूण बघितली असती. पण सांगाडा प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिकवर कारागिराचा हात उमटत नाही. भोकं भोकांसारखी होती. ती त्याने पाडलेली असू शकत होती, पाच मैलांवरच्या कुणीही आपल्या तळघरात पाडलेली असू शकत होती.

"नंबर असता तर आधी कुणी घेतलं, कुणाकडून घेतलं, हे एव्हाना कळलं असतं," अंमलदार म्हणाला. तो चिडून म्हणाला नाही. साधं सांगितलं. नॉर्मंडला वाटलं, याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आल्डन आला. अंत्यविधीनंतर तो शेडमध्ये पहिल्यांदाच येत होता. त्याने कॉफीच्या किटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. दारातच उभा राहिला.

"फोटो बघितलास?"

"बघितला."

"नॉर्म, मला एकच शब्द हवाय. नाही म्हण. हे इथलं नाही, एवढं म्हण. मी आयुष्यात पुन्हा विचारणार नाही. दुसरा कुणी काही बोलला तर त्याचे दात घशात घालीन."

"आल्डन..."

"तू म्हटलंस की झालं. लहानपणी तू म्हणालास तळ्यावरचा बर्फ पक्का आहे, मी चालत गेलो. तुझ्या शब्दावर मी कधी शंका घेतली?"

"मला माहीत नाही रे."

"काय माहीत नाही?"

"आपल्याकडचं आहे का नाही. प्लॅस्टिक आहे ते, त्यावर काम कुणाचं ते कळत नाही. लोखंड असतं तर..."

"मी काय विचारतोय आणि तू काय सांगतोयस! मला लोखंड-प्लॅस्टिक नकोय, लेका. मला 'नाही' हवंय."

"खोटं सांगू?"

"सांग! सांग खोटं! कोण बघतंय इथे?"

नॉर्मंडचं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता, इतका लहान शब्द. पण समोर आल्डन होता, ज्याच्याशी तो आजवर एकदाही खोटं बोलला नव्हता, आणि मधे कोरिन होती. पोरीच्या मरणावर खोटेपणाची माती टाकायची, हे त्याच्याने होईना. आल्डनने वाट पाहिली. बरीच पाहिली. मग चिखलाने भरलेले बूट तसेच वळवून तो निघून गेला.

आमच्याकडे गाडी चालवताना समोरून ओळखीचा आला की स्टिअरिंगवरची दोन बोटं वर करतात. तेवढाच नमस्कार. रोज सकाळी आल्डनची पिवळी बस नॉर्मंडच्या घरावरून जायची आणि ती दोन बोटं वर व्हायची. त्या दिवसापासून बोटं वर झाली नाहीत. नॉर्मंड मात्र रोज त्या वेळेला टपालपेटीशी जाऊन उभा राहायचा, टपाल दुपारी येतं हे ठाऊक असूनही.

"म्हणून टाकायचं होतंस 'नाही'," लॉरेन म्हणाली. "काय बिघडलं असतं?"

"आणि असलं तर?"

"असलं तर असलं. तिला परत थोडीच..." ती ओट्याकडे तोंड करून बराच वेळ एकच पातेलं धूत राहिली.

आल्डनला 'नाही' द्यायचं तर ते आधी खरं करून आणायला हवं, असं नॉर्मंडने ठरवलं. शेडमध्ये त्या खोक्यांसाठी आलेल्या प्रत्येकाला गाठायचं आणि म्हणायचं, तुझं दाखव. ज्याने दाखवलं त्याचं ते नव्हे. सगळ्यांनी दाखवलं की प्रश्नच मिटला. काम सोपं वाटलं होतं. पण नावं नव्हती. एकाची टोपी आठवे, एकाचं कुत्रं आठवे, एकाच्या ट्रकचं फुटकं दार. आयुष्यभर ज्याची ऐट मिरवली तीच आता त्याच्या मुळावर आली होती. तो पेट्रोल पंपांवर, चाऱ्याच्या दुकानात, चर्चबाहेर थांबून लोकांना विचारत सुटला, "तपकिरी कुत्रं, एक कान कापलेला, कुणाचं रे?"

पहिला सापडला तो ड्वेन, कोंबड्यांवाला. तो दारातच कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"तू? तू विचारतोयस माझ्याकडे काय आहे ते? थांब, बायकोला हाक मारतो. अगं ए, बाहेर ये, पेल्की सरकारी नोकरीला लागला!"

"दाखव रे, ड्वेन."

"कागद आणलायस का? शिक्का? नाव काय म्हणालात साहेब आपलं?"

"ड्वेन, कोरिनसाठी."

ड्वेनचं हसू गेलं. तो आत गेला आणि घेऊन आला. नॉर्मंडने ते हातात धरून उलटंसुलटं केलं, परत दिलं, आभार मानले. गाडीत बसल्यावर त्याने एक बोट मिटलं. एक कमी झालं होतं. त्या पिस्तुलाचा मुका घ्यावासा वाटला होता त्याला, ही त्याची अवस्था.

उन्हाळा असा गेला. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लाजून फोन केला, कुणी न विचारता आपण होऊन शेडमध्ये आणून टेबलावर ठेवलं. एकेक करून सगळी डोळ्यांखालून गेली. प्रत्येक वेळी त्याच्या छातीवरचा दगड थोडा हलका व्हायचा. तो लॉरेनला म्हणायलाही लागला होता की पानगळीपर्यंत मी आल्डनच्या दारात जाईन.

शेवटी एकच उरला.

आदल्या पानगळीत तो एकदाच आला होता. शांत माणूस. आत येताना त्याने बूट पुसले होते. सफरचंदाच्या बागेतल्या दुकानातून गरम डोनट आणले होते, कागदाच्या पिशवीला तेल सुटलेलं. नॉर्मंडला त्या डोनटवरची दालचिनीची साखर आठवत होती, ती टेबलावर सांडली होती आणि नॉर्मंडनेच ती बोटाने टिपून खाल्ली होती. माणसाचा चेहरा आठवत नव्हता. किती वेळा डोळे मिटून बसला, पण दिसायची ती साखरच. माणूस काम पूर्ण करून घेऊन, आभार मानून गेला होता, आणि पुन्हा या बाजूला कुणाला दिसला नव्हता.

नॉर्मंडने पोलिसांना सांगितलं. अंमलदाराने लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"डोनट आणणारा सभ्य माणूस. मिस्टर पेल्की, यात अर्धं व्हरमाँट बसतं."

पुढच्या हिवाळ्यात राजधानीत, मॉन्टपेलियरला, विधानभवनात विधेयक आलं. नंबर नसलेली शस्त्रं बाळगायची नाहीत, असतील तर परवानाधारक दुकानदाराकडे नेऊन नंबर कोरून घ्यायचा आणि आपली तपासणी करू द्यायची. दारातल्या धातूशोधक यंत्राला न सापडणारी प्लॅस्टिकची शस्त्रं तर अजिबात नाहीत. लोकांचं म्हणणं ऐकायला समिती बसणार होती. आयुष्यात ज्या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं तिथे नॉर्मंड गेला.

जाताना एक घोटाळा झाला. आमच्याकडे बंदुकांवरच्या सुनावणीला जाताना विरोध करणारे शिकारीचे नारिंगी कपडे घालतात आणि कायदा हवा असणारे हिरवी फीत लावतात. नॉर्मंडला हे कुठून माहीत असणार? त्याच्याकडे थंडीचा धड कोट एकच, हरणाच्या शिकारीचा, भडक नारिंगी. दारातल्या नारिंगी टोपीवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली, "इकडे ये भाऊ, आपली माणसं इकडे," आणि नेऊन बसवलं. खोलीच्या पलीकडे हिरव्या फिती लावलेल्यांत, अगदी टोकाला, आल्डन बसला होता. त्याने नॉर्मंडचा कोट पाहिला आणि मान फिरवली.

नॉर्मंडने उठून पलीकडे जावं तर सगळे बघणार, आणि आल्डनने शेजारी बसू दिलं नाही तर काय करायचं? तो बसून राहिला. त्याची पाळी आली.

"मिस्टर पेल्की, आपण बाजूने की विरोधात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"ते ऐकून तुम्हीच ठरवा," नॉर्मंड म्हणाला, इतक्या मोठ्याने की माइक किंचाळला. "मी नॉर्मंड पेल्की, वेस्ट हॅलम." असं आपण होऊन नाव सांगायची त्याची ती पहिलीच वेळ असावी. "माझ्याकडे शेड आहे. लोक यायचे, मी त्यांची कामं करून द्यायचो, ती खोकीपण. मी कुणाला नाव विचारलं नाही. मला वाटायचं, मी लोकांना सरकारपासून वाचवतोय."

नारिंगी बाजूने टाळ्या पडल्या.

"टाळ्या नका वाजवू. माझ्या मित्राची मुलगी मेली. मी तिचा गॉडफादर. तिला ज्या पिस्तुलाने मारलं ते असलंच होतं, बिननंबरी. मित्राने मला विचारलं, तुझ्याकडचं आहे का. मला उत्तर देता आलं नाही, कारण मला माहीतच नाही. मी सगळ्यांच्या दारात जाऊन आलो. सगळ्यांची बघितली. एक माणूस राहिला. त्याने डोनट आणले होते. मी त्याचं काम पूर्ण करून दिलं, तो घेऊन गेला. त्याचं नाव मला माहीत नाही. डोनट मात्र आठवतात."

"अरे ए, मग तो कोट काढ!" मागून कुणीतरी ओरडलं.

"माझ्याकडे एवढा एकच आहे," नॉर्मंड म्हणाला. "तुम्ही म्हणता नंबर चोर पकडायला असतो. असेल. पण नंबर असता तर मला मित्राला 'नाही' म्हणता आलं असतं. नाहीतर 'हो' म्हणावं लागलं असतं. चाललं असतं मला. त्याने मला मारलं असतं, मी मार खाल्ला असता, त्याला माझ्यावर ओरडता तरी आलं असतं. आता मी त्याला काय देऊ? माझ्याकडे काहीच नाही द्यायला. एवढंच सांगायचं होतं."

तो कायदा पुढे झाला आणि त्याच्या बातम्याही आल्या. त्या दिवशी बाहेरच्या बोळात जे झालं त्याची बातमी कुठेच आली नाही.

नॉर्मंड भिंतीला टेकून उभा होता. दार उघडून आल्डन बाहेर आला आणि त्याच्यासमोर येऊन थांबला. इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. आल्डन फार वाळला होता.

"डोनटवाला," आल्डन म्हणाला.

"तुला आठवतो?"

"तुला डोनट आठवतात. मला त्याचं तोंड आठवतं. कपाळ केवढं होतं, दात कसे होते, सगळं." तो खाली बघून बोलत होता. "तू यंत्र पुसत होतास तेव्हा मी त्याला सोडायला रस्त्यापर्यंत गेलो. त्याने विचारलं, इथे पेट्रोल कुठे मिळेल. मी म्हटलं, चौकात. म्हटलं, माझी मुलगी असते तिथे. संध्याकाळी एकटीच असते, कंटाळते बिचारी, जरा दोन शब्द बोल तिच्याशी. बाबाने पाठवलंय म्हण, कॉफीचे पैसे नाही घेणार."

नॉर्मंडने आल्डनचा दंड धरला.

"पोलिसांना सांगितलंय मी," आल्डन म्हणाला. "पण तोच कशावरून? असेल कुठेतरी आपल्या पोराबाळांत बसलेला. असेल चांगला माणूस. कळणारच नाही ना कधी. म्हणून आलो होतो रे मी शेडमध्ये. तुला पकडायला नव्हतो आलो. तू 'नाही' म्हणाला असतास ना, तर तो माणूस गेला असता माझ्या डोक्यातून. मी झोपलो असतो."

आणि मग नॉर्मंड पेल्कीने त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलायचं ठरवलं.

"त्याचं नव्हतं ते," तो म्हणाला. "ऐक माझं. त्याचं काम मोडलं. भोक तिरकं गेलं आणि सांगाडा चिरला, उभा चिरला. तू रस्त्यावर होतास तेव्हा तो तुकडा मी माझ्या हाताने कचऱ्यात टाकत होतो. रिकामा गेला तो माणूस. तो नव्हता आल्डन. शप्पथ. नाही."

क्षणभर आल्डनचा चेहरा सैल पडला. ओठांचे कोपरे हलले, डोळ्यांत पाणी आलं, आणि नॉर्मंडला वाटलं, झालं, पोहोचलं. मग आल्डनने हळूच मान हलवली.

"आत्ताच आत म्हणालास, पूर्ण करून दिलं आणि तो घेऊन गेला. माइकवर. सगळ्यांसमोर."

नॉर्मंडचा हात तसाच त्याच्या दंडावर राहिला.

"तुला खोटं बोलताच येत नाही, लेका," आल्डन म्हणाला. त्याने नॉर्मंडच्या नारिंगी कोटाचं सुटलेलं वरचं बटण लावलं, बस स्टॉपवर उभ्या पोरांचं लावायचा तसं. "मला ते तेव्हा हवं होतं रे."

तो दार उघडून बाहेर पडला. पायऱ्यांवर बर्फ होता, आणि तो कठडा धरून एकेक पायरी उतरत गेला. नॉर्मंड आतून काचेतून बघत राहिला. आल्डन पडेल म्हणून त्याचा जीव वरखाली होत होता, पण तो त्याच्यामागे गेला नाही.